धक्के तलासरीचे, प्रश्न साऱ्या किनाऱ्याचा

नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भूकंपाचे सौम्य धक्के जाणवू लागले. डहाणू व तलासरी तालुक्यांतील धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, आंबोली ही गावे त्या दिवसांत प्रथमच वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. जमिनीखालून येणाऱ्या गडगडाटाला बातमीदारांनी ‘गूढ आवाज’ असे नाव दिले. काही आठवडे मंत्री, अधिकारी व दूरचित्रवाणीचे कॅमेरे या पाड्यांकडे फिरकले. आपल्या चर्चमधूनही रविवारच्या विनंत्यांमध्ये तेथील बांधवांचा उल्लेख झाला. पुढे धक्के चालू राहिले आणि बातम्या थांबल्या. वसई, नालासोपारा, विरार येथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना आज तो सारा प्रकार कोठेतरी दूर, डोंगरापलीकडे घडून गेल्यासारखा वाटतो. वस्तुतः हे दोन्ही तालुके आपल्याच वसई धर्मप्रांतात आहेत.

१ फेब्रुवारी २०१९ हा त्या काळातील सर्वांत कठीण दिवस ठरला. एकाच दिवशी लागोपाठ अनेक धक्के बसले आणि त्यांपैकी मोठ्याची तीव्रता ४ च्या किंचित वर नोंदवली गेली. त्या दिवशी भीतीने घराबाहेर धावण्याच्या गडबडीत दोन वर्षांची एक आदिवासी मुलगी दगडावर पडून दगावली. त्याच वर्षी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, ऐन पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर बसलेल्या धक्क्याने घर कोसळून एका प्रौढ माणसाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारले, शाळांचे वर्ग उघड्यावर भरले, माघ-फाल्गुनाच्या थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे अंगणात झोपली. ४ तीव्रतेचा भूकंप जगाच्या हिशेबात किरकोळ समजला जातो. जपानमध्ये अशा धक्क्याने झोपलेला माणूस कूसही बदलणार नाही. मग येथे माणसे का दगावली, या प्रश्नापाशी आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने २०१९ च्या प्रारंभी या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली. त्यांवर जाणवणारे आणि न जाणवणारे असे हजारो धक्के नोंदवले गेले. एक मोठा भूकंप आणि त्यामागून येणारे लहान धक्के असे त्यांचे स्वरूप नव्हते. मधमाश्यांच्या पोळ्याला धक्का लागावा त्याप्रमाणे जवळजवळ सारख्याच ताकदीच्या धक्क्यांचा थवा उठत होता. शास्त्रज्ञही त्याला थवाच म्हणतात. धक्क्यांचे केंद्र जमिनीत फार खोल नव्हते. म्हणून तीव्रता कमी असूनही आवाज मोठा येई आणि भिंती हादरत. पावसाळ्यात मुरलेले पाणी खडकांच्या भेगांतून खाली उतरते, त्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेल्या भेगा सरकतात, असे एक स्पष्टीकरण काही संशोधकांनी मांडले आहे.

अशा भेगा या किनाऱ्याखाली आल्या कोठून? दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थंड झालेला लाव्हा. घाटावर त्याचे थर आडवे, पानावर पान ठेवावे तसे पसरले आहेत. कोकणात मात्र एका पट्ट्यात हे थर पश्चिमेला, समुद्राकडे वाकले आहेत. भूवैज्ञानिक या पट्ट्याला पनवेलचे नाव देतात. भारताचा हा किनारा म्हणजे एका मोठ्या भूखंडाची तुटलेली कड आहे. मादागास्कर आणि नंतर सेशेल्सची भूमी येथून अलग होऊन दूर गेली. त्या फारकतीच्या खुणा खडकात राहिल्या. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांना आपल्यापैकी बहुतेकांनी भेट दिली असेल. खोलवर गेलेले पाणी तापून भेगांच्या वाटेने वर येते, म्हणून ती कुंडे आहेत. भारताची भूमी आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत असून हिमालयाला रेटत आहे. त्या रेट्याचा ताण आपल्या जुन्या भेगांनाही सोसावा लागतो. भूमी स्थिर आहे ही आपली समजूत माणसाच्या आयुष्याच्या मापाने खरी असते, एवढेच.

धक्के सुरू झाल्यावर दोन प्रकारचे बोलणे ऐकू येत होते. एक धीर देणारे होते: लहान लहान धक्क्यांतून जमिनीतील दाब निघून जातो, त्यामुळे मोठा भूकंप टळतो, कुकरची शिट्टी झाली की स्फोटाची भीती नाही, तसे. सुशिक्षित मंडळीही हे मोठ्या विश्वासाने सांगत. यात तथ्य नाही, हे साध्या गणिताने कळते. भूकंपाच्या मापनात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते आणि दोन अंक वाढले की सुमारे हजारपट. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा ४ तीव्रतेच्या धक्क्यांतून निघून जावयाची, तर तसे हजार धक्के बसावे लागतील. तलासरीत त्या तीव्रतेचे धक्के बोटांवर मोजण्याइतकेच झाले.

या खोट्या धीराची किंमत इटलीतील लाक्विला या शहराने मोजली आहे. तेथेही २००९ च्या आरंभी कित्येक आठवडे लहान धक्क्यांचा थवा चालू होता. लोक घाबरले होते. ३१ मार्च रोजी तज्ज्ञांच्या समितीची बैठक शहरात झाली आणि त्या सुमारास एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, ऊर्जा बाहेर पडत आहे ही चांगलीच गोष्ट आहे, अशा अर्थाचा दिलासा दिला. ६ एप्रिलच्या पहाटे, पवित्र सप्ताहात, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धक्का बसला की रात्र बाहेर काढावी, ही तेथील जुनी रीत होती. दिलासा ऐकून काही कुटुंबे घरातच राहिली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांच्यावर खटला चालला. २०१२ मध्ये सर्वांना शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञांची सुटका झाली. न्यायालयाच्या निकालाविषयी मतभेद असू शकतात. भूकंप वर्तवता येत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच तो येणार नाही असे वर्तवण्याचाही अधिकार कोणाला नाही.

दुसरे बोलणे याच्या उलट होते. अमुक तारखेला मोठा भूकंप होणार, अमुक धरण फुटणार, असे निरोप मोबाईलवर फिरत आणि रात्री-अपरात्री पाडे रिकामे होत. पालघरच्या थव्यातून मोठा भूकंप उद्भवेलच, असेही विज्ञान सांगत नाही. जगात बहुतेक थवे आपोआप विरून जातात. मग आपण धरावे तरी काय? आपल्याच राज्याच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. तीव्रता ६ च्या वर होती, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि मुंबईपर्यंत लोक जागे झाले. दख्खनचे पठार भूकंपापासून मुक्त आहे हा समज त्या पहाटेपर्यंत रूढ होता. धरणाच्या जलाशयामुळे उद्भवलेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून कोयनेचा आजही अभ्यास होतो. १९८३ मध्ये शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरातही जलाशय भरल्यानंतर धक्के बसू लागले आणि त्यांतील मोठा ५ च्या जवळ गेला. तलासरीच्या लोकांनी दापचरी परिसरातील कुर्झे धरणाविषयी प्रश्न विचारले, तेव्हा काहींना ती अडाण्यांची भीती वाटली. माझ्या मते तो प्रश्न रास्त होता. पालघरचे धक्के धरणामुळेच होतात असे त्यावरून सिद्ध होत नाही, परंतु धरणाखाली राहणाऱ्याला त्याची तपासणी कधी झाली व तीत काय आढळले हे मराठीत वाचावयास मिळाले पाहिजे.

कोयनेहून मोठा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे होती. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे काही सेकंदांत मातीच्या ढिगाऱ्यात गेली आणि आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे कोयनेच्या जवळपासच होती. भारतीय मानक १८९३ (हा सन नव्हे, मानकाचा क्रमांक आहे) यातील तत्कालीन नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित विभागात होती. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. त्या आवृत्तीत मुंबई-ठाण्याचा, आणि त्यात आजचा पालघर जिल्हाही आला, किनारा तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवला आहे. नकाशा उपयोगी असतो. पण किल्लारीत माणसे कशाखाली चिरडली? दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी माळवद आणि माळवदावर पिढ्यान् पिढ्या घातलेले मातीचे थर. उन्हाळ्यात गारवा देणारे ते छत टनावारी वजनाचे होते.

आता तलासरीकडे परत येऊ. वारली, कोकणा, दुबळा बांधवांचे जुने घर म्हणजे जंगलातील लाकडाच्या मेढी, त्यांच्यामध्ये कारवीचा किंवा बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवत किंवा हलकी कौले. भूकंप झाला तर असे घर डुलते, करकरते, कुडाचा लेप सुटून पडतो. माणूस मरत नाही. भूकंप-अभियंते ज्याला हलके, लवचीक व बांधीव घर म्हणतात ते हेच. आपण, म्हणजे शासन, सेवाभावी संस्था आणि आपली ख्रिस्तसभाही, गेली कित्येक दशके या कुडाच्या घराला दारिद्र्याचे चिन्ह समजत आलो. ‘पक्के घर’ हे प्रगतीचे माप ठरले. पक्के घर आले ते बहुधा असे: जेमतेम पाया, एका विटेची भिंत, सिमेंट कमी, वाळू अधिक, भिंतीच्या कोपऱ्यांना सांधणारी सळई नाही, दारे-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा नाही आणि वर पत्रा, तोही वाऱ्याने उडू नये म्हणून दगडांनी दाबलेला. धक्का बसला की ते दगड आधी खाली येतात.

कोणी याचा अर्थ आदिवासींनी कुडातच राहावे असा घेऊ नये. पावसात गळणारे, वाळवीने खाल्लेले घर कोणालाही नको असते आणि मुलीच्या अभ्यासाला कोरडी जमीन हवी असते. प्रश्न इतकाच आहे की घरकुलाच्या अनुदानात भूकंपाला तोंड देणारे बांधकाम बसते काय. बसू शकते. जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली असे सलग पट्टे, कोपऱ्यांत उभी सळई, भिंतीच्या टोकापासून दोन हात सोडून खिडकी, छत हलके पण भिंतीला घट्ट बांधलेले. विटांच्या लहान घरासाठी ही तरतूद भारतीय मानकांत कधीच लिहून ठेवली आहे. खर्च वाढतो तो थोडा. अडचण असते ती ज्ञानाची. तालुक्याच्या गवंड्याला हे कोणी दाखवलेले नसते. घर मंजूर करणाऱ्या कागदावर क्षेत्रफळ आणि छायाचित्र पाहिले जाते. भिंतीच्या पोटात काय आहे ते पाहण्याची सोय नसते.

वसईकर वाचक येथे म्हणेल, आमची घरे तर काँक्रीटची आहेत. त्याने अहमदाबाद आठवावे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही त्या शहरात अनेक बहुमजली इमारती बसल्या आणि शेकडो माणसे मरण पावली. पडलेल्या इमारतींपैकी बऱ्याच एकाच जातीच्या होत्या: तळमजला वाहनांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले चार-पाच मजले. जड शरीर, बारीक पाय. आज नायगावपासून विरारपर्यंत रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पाहा, अशा इमारतींची रांग दिसेल. त्यात आपली जमीनही धड खडकाची नाही. खाडीचा गाळ, भरलेली मिठागरे, बुजवलेली तळी यांवर वस्ती झाली. मऊ जमिनीत भूकंपाची लाट वाढते, हे शास्त्राने पुरते सिद्ध झालेले आहे. हरित वसईच्या चळवळीने पाण्याच्या वाटा आणि सखल जमिनी राखण्याचा आग्रह धरला होता तो पुराच्या व पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात. त्या आग्रहाचा हा आणखी एक अर्थ होता, असे आता म्हणता येईल.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. या लोकसंख्येचा मोठा भाग अशा इमारतींत राहतो, ज्यांचे नकाशे कोणी तपासले नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात विरार पूर्वेला चार मजली इमारतीचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. इमारत बांधून १५ वर्षेही झालेली नव्हती आणि ती अनधिकृत असल्याचे महापालिकेने नंतर सांगितले. त्या रात्री भूकंप नव्हता. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपारा पूर्वेच्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. बांधणारा निघून जातो, सही करणारा बदली होऊन जातो आणि राहणारा राहतो. खाडीची खारी रेती वापरलेल्या काँक्रीटमध्ये सळई गंजून फुगते, स्लॅबचे पापुद्रे सुटतात आणि आपण त्यावर प्लास्टरचा हात मारतो. अशा इमारतीला ६ तीव्रतेचा भूकंप लागत नाही.

येथे शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. लूकलिखित शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेल्याची बातमी आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच उपस्थित करतो आणि स्वतःच नकारार्थी उत्तर देतो. पश्चात्तापाचे आवाहन तो करतो ते ऐकणाऱ्यांना, मेलेल्यांना नव्हे. २०१९ मध्ये तलासरीतील धक्क्यांविषयी ‘हा देवाचा कोप’ असे उद्गार आपल्यातील काही भाविकांकडून ऐकू आले. कोणाच्या पापाचा, हे मात्र बोलणारा आपल्या सोयीने ठरवीत असे. मद्यपान करणारे, अंधश्रद्धा बाळगणारे, धर्म बदललेले, धर्म न बदललेले, असे अनेक आरोपी निघाले. निकृष्ट भिंती बांधणारा ठेकेदार या यादीत कधी आढळला नाही.

हा वाद ख्रिस्तसभेत नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनमधील चर्चेस सकाळच्या मिस्सासाठी भरलेली असताना भूकंप झाला; पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या, वेदीवरील मेणबत्त्यांनी व घरांतील चुलींनी आग भडकली. हजारो माणसे गेली, त्यांत प्रार्थनेत असलेले भाविक कितीतरी होते. वसई पोर्तुगिजांच्या हातून जाऊन तेव्हा १६ वर्षे झाली होती. आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा देणारे मिशनरी ज्या राजधानीतून निघत, ती राजधानी जमीनदोस्त झाली. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या येशूसंघी धर्मगुरूंनी १७५६ मध्ये पुस्तिका लिहून हा नैसर्गिक प्रकार नसून पापांची शिक्षा आहे असे ठासून सांगितले. त्या काळचा प्रधानमंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला, याने वेगळी वाट धरली. (त्याने येशूसंघाचा केलेला छळ आणि मालाग्रिदांना १७६१ मध्ये दिलेला क्रूर मृत्यू यांचे समर्थन कोणी करू शकणार नाही.) त्याने देशातील प्रत्येक धर्मग्रामाकडे प्रश्नावली धाडली. धक्का किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने जोर अधिक होता, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, किती घरे पडली, किती माणसे मेली. उत्तरे लिहिली ती गावोगावच्या धर्मगुरूंनी. भूकंपशास्त्राचा उगम शोधताना इतिहासकार त्या उत्तरांपर्यंत जातात. लिस्बनची नवी घरे बांधताना भिंतीच्या आत लाकडी पिंजरा घालण्याची पद्धत आली. आपल्या मेढी आणि कूड यांची ती युरोपीय बहीण म्हणावयास हरकत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील येशूसंघीयांनी १९२५ मध्ये आपल्या विद्यापीठांतील भूकंपमापन केंद्रांची संघटना बांधली आणि त्या कामामुळे या शास्त्राला ‘येशूसंघीयांचे शास्त्र’ असे गमतीने म्हटले जाई. मालाग्रिदांच्याच संघातून हे घडले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आपल्या स्वतःच्या इमारतींविषयीही थोडे बोलले पाहिजे. धर्मप्रांतात उंच दर्शनी भिंतींची, घंटामनोऱ्यांची, कमानींची जुनी मंदिरे आहेत आणि त्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. कमान आणि मनोरा भूकंपात प्रथम तुटतात. २६ सप्टेंबर १९९७ रोजी असिसी येथे संत फ्रान्सिसच्या महामंदिराचे छत कोसळून दोन फ्रान्सिस्कन संघीयांसह चौघे मृत्यू पावले. रात्रीच्या पहिल्या धक्क्याने झालेली हानी पाहण्यासाठी ते आत गेले होते आणि दुपारपूर्वी दुसरा धक्का बसला. धक्क्यानंतर मूर्ती, पवित्र पात्रे, नोंदवह्या वाचवण्यासाठी धाव घेण्याची ओढ कोणाही धर्मगुरूला वाटेल. असिसीची आठवण त्या वेळी व्हावी.

शाळांचा विषय याहून गंभीर. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी इटलीतील सान जुलियानो दि पुलिया या छोट्या गावात शाळा कोसळून २७ मुले आणि एक शिक्षिका मरण पावली. गावातील इतर बहुतेक इमारती उभ्या राहिल्या. जुन्या शाळेवर नंतर एक मजला चढवला होता. हे वाचल्यावर आपल्याच शाळांचा इतिहास डोळ्यांपुढे येतो. तळमजला कोण्या मिशनऱ्याने बांधला, पटसंख्या वाढली तसा पहिला मजला देणग्यांतून झाला, दुसरा सुवर्णमहोत्सवात. प्रत्येक वेळी कोनशिला बसली. खालच्या पायाची व खांबांची तपासणी प्रत्येक वेळी झाली काय, याचा कागद शाळेच्या कपाटात सापडला पाहिजे. न सापडल्यास तपासणी करून घ्यावी. मुंबईत या विषयाचे शिक्षण देणाऱ्या नामवंत संस्था आहेत आणि आपल्या धर्मग्रामांत स्थापत्य अभियंते कमी नाहीत. सणाच्या मंडपाच्या हिशेबात त्यांना अडकवण्यापेक्षा हे काम त्यांच्याकडे द्यावे. तलासरी-डहाणूकडील मिशनची वसतिगृहे या यादीत पहिली असावीत. तेथे मुले रात्री झोपतात आणि दुमजली लोखंडी खाटा भिंतीला टेकलेल्या असतात.

कोळीवाड्यांसाठी समुद्राचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचून माणसे वाहून गेली. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. तो इशारा अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या धक्क्यावर कोणाच्या हाती येतो, हे मच्छीमार संस्थांनी एकदा विचारून घ्यावे.

जिल्ह्यातील मोठ्या प्रकल्पांविषयी याच संदर्भात वेगळे लिहावे लागेल. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि वेगवान रेल्वेचा मार्ग याच पट्ट्यातून जातो. अशा प्रकल्पांसाठी भूकंपाचा अभ्यास सक्तीचा असतो. तो अभ्यास त्या भिंतींच्या आतच राहतो आणि कुंपणापलीकडच्या पाड्याला त्याचा लाभ होत नाही, ही माझी तक्रार आहे.

तूर्त एक साधी सूचना. डहाणू व तलासरी परिसरातील धर्मगुरू, धर्मभगिनी व शाळांचे मुख्याध्यापक यांनी एक वही घालावी. धक्का बसला की तारीख, वेळ, किती सेकंद, आवाज झाला काय, भांडी पडली की भिंतीला तडा गेला आणि कोणाच्या घराला, एवढे लिहावे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी आपण शतकानुशतके ठेवत आलो आहोत, तेव्हा हाताला सवय आहे. महसूल कार्यालयात नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन जाणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तडा भूकंपाने गेला की आधीचाच होता, असे विचारले जाते. त्या वेळी ही वही त्याच्या हातात असावी. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, सर्व वह्या धर्मप्रांताच्या कार्यालयात एकत्र याव्यात आणि त्यांची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व हैदराबादच्या संस्थेकडे पाठवावी.